कोपऱ्यातले सात दाणे

वाशीमकडच्या मालेगावात त्या रविवारी संध्याकाळी बदरुद्दीनच्या रजई-गादीच्या दुकानासमोर जेवढी माणसं जमली, तेवढी पुढाऱ्याच्या सभेलाही जमत नाहीत, आणि जमलीच तर पंगत आहे म्हणून जमतात. इथं साध्या चहाचीही सोय नव्हती. तरी वाशीम रोडच्या कडेनं सतरंज्या पसरल्या होत्या, बायका एकीकडे, बाप्ये एकीकडे, आणि एसटीचे ड्रायव्हर हॉर्न न वाजवता सांभाळून गाड्या काढत होते. टीव्हीवरच्या ‘धंद्याचा धनी’ या कार्यक्रमाचा आज शेवटचा भाग होता. महाराष्ट्रभरातून निवडलेल्या धंदेवाल्यांतून आता तिघंच उरले होते आणि त्या तिघांत मेडशीची राखी होती.

दुकानातली सगळ्यात मोठी पांढरी खोळ दोन बांबूंना ताणून पडदा केला होता. लग्नांचे व्हिडिओ काढणाऱ्या शहबाजनं प्रोजेक्टर आणला होता आणि तो कुणालाही त्याच्याजवळ फिरकू देत नव्हता, जसा काही कार्यक्रम त्यानंच काढला होता. मगरिबची नमाज झाली, देवळातली आरती आटोपली आणि गर्दी एका जागी बसली.

राखी पुढच्या ओळीत होती. डाव्या अंगाला तिची आई तुळसाबाई, उजव्या अंगाला हुस्नाबानो खाला. राखीचे हात गार पडले होते आणि लोक म्हणत होते, पोरगी आनंदानं घाबरली. लोकांना निकाल माहीत नव्हता. राखीला माहीत होता. कार्यक्रम चाळीस दिवसांपूर्वीच मुंबईत चित्रित झाला होता आणि कुणाला काही सांगायचं नाही, अशा कागदावर तिची सही घेतली होती. ती जिंकली होती. आईलाही तिनं सांगितलं नव्हतं. तिचा जीव टांगणीला लागला होता तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. त्या दिवशी तिथं ती दोन वाक्यं बोलून गेली होती. त्या दोन वाक्यांत तिनं खालाला परकं केलं होतं, आणि आज ती वाक्यं खालाच्या कानावर पडणार होती.

खाला म्हणजे मावशी; बदरुद्दीनच्या बायकोला सगळे तसंच म्हणायचे. राखी अकरावीला असताना मेडशीहून मालेगावला कॉलेजात यायची. परतीची एसटी कधी वेळेवर आल्याचं तिला आठवत नाही, आणि एसटीच्या थांब्यासमोरच हे दुकान. पुढं बदरुद्दीनचं कापूस पिंजायचं यंत्र घरघरायचं, मागच्या खोलीत खाला रजया भरायची. राखी आधी पाणी प्यायला आत गेली, मग सुईत धागा ओवून द्यायला बसू लागली, आणि बारावीचा निकाल लागेपर्यंत तिला कापूस कसा झोडायचा, कसा सारखा पसरायचा, टाका किती खोल घ्यायचा, सगळं यायला लागलं. खालानं त्याबद्दल कधी काही घेतलं नाही. ती फक्त विचारायची, जेवली का. नाही म्हटलं की सुई हातातून काढून घ्यायची.

एक रीत मात्र खाला मोडू देत नसे. रजईचे तीन कोपरे बंद झाले की चौथ्यात ती ज्वारीचे सात दाणे टाकी आणि मगच शेवटचा टाका घाली. माहेरी अनसिंगला तिची आई तसं करायची, आईची आईही करायची. राखीनं पहिली अख्खी रजई एकटीनं भरली तेव्हा ती हे विसरली होती. खालानं कोपरा चाचपला, टाका उसवला आणि दाण्यांची वाटी तिच्यापुढं सरकवली.

“भुकी रजई मानसाची झोप खाते, बेटा,” ती म्हणाली होती. “आपल्या घरून कोनतीच गोष्ट उपाशी जाऊ देऊ नोको.”

पुढं पदवी झाली, नोकरीसाठी हिंडून चपला झिजल्या, आणि मग राखीनं रजयांचाच धंदा मांडला. रंग, नक्षी, फोटो, फोनवरून येणाऱ्या ऑर्डरी हे सगळं तिचं. भरणं आणि शिवणं खालाचं, आणि खालानं हाताखाली तयार केलेल्या चार बायांचं. डोकं राखीचं आणि हात खालाचे असं गाव म्हणायचं, आणि गावाचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

मुंबईला न्यायची रजई निवडायची वेळ आली तेव्हा खालानं दोन दिवस लावले. शेवटी मोरपंखी काठाची एक काढली, उन्हात धरून टाका न् टाका पाहिला आणि जुन्या ओढणीत गुंडाळून दिली. राखी परत आली तेव्हा खालानं जिंकली की हरली विचारलं नाही. तिकडं वेळेवर जेवायला मिळत होतं का, एवढंच विचारलं. राखीला त्याच क्षणी सांगून टाकायचं होतं. मग वाटलं, उद्या सांगू. चाळीस दिवस ती उद्या सांगू म्हणत राहिली. तिथं काम करणारी एक मुलगी म्हणाली होती की अकरा तासांच्या चित्रीकरणातून दीड तास ठेवतात, बाकी सगळं कापतात. त्या बोलण्याला राखी धरून बसली होती. एवढ्या पसाऱ्यात दोन वाक्यं कशाला ठेवतील ते लोक?

कार्यक्रम सुरू झाला. आधी नाशिककडच्या बेदाण्यावाल्याची फिल्म झाली, मग कोल्हापूरच्या एका बाईची, आणि मग पडद्यावर मेडशीचा फाटा दिसला तेव्हा सतरंज्यांवरून शिट्ट्या उठल्या. तुरीची शेतं दिसली, राखीचं घर दिसलं. आणि ओसरीवर मांडीवर रजई घेऊन सुई चालवणारी तुळसाबाई दिसली. त्यावर जो हशा पिकला त्याला तोड नव्हती. तुळसाबाईला साधं बटण लावता येत नाही हे अख्ख्या मेडशीला माहीत होतं. टीव्हीवाल्यांना घरातली म्हातारी शिवताना हवी होती म्हणून त्यांनी तिला बसवलं होतं. तुळसाबाईनं पदर तोंडावर घेतला. खालाही हसली, आणि मागून शेजारच्या गल्लीतल्या विमलबाईनं विचारलं की तुळसाबाई आता आम्हालाही शिकवतील का, तेव्हा तर खालाच्या डोळ्यांत हसून पाणी आलं.

मग एक क्षणभर पडद्यावर फक्त दोन हात आले. रापलेले, अंगठ्याजवळ भाजल्याचा जुना डाग असलेले, कापसावरून फिरणारे. चेहरा नव्हता. पण बायकांच्या बाजूनं एकदम कालवा झाला, खालाचे हात, खालाचे हात. टीव्हीवाले दिवसभर या दुकानात राहिले होते, बदरुद्दीननं त्यांना बसवून पुलाव खाऊ घातला होता, त्यातून एवढं उरलं होतं. बदरुद्दीन दाराशी उभा होता. त्याला तेवढंही पुष्कळ वाटलं असावं, कारण त्यानं टोपी काढली, पुसली आणि परत घातली.

राखीचं लक्ष खालाच्या मांडीवर पडलेल्या त्याच हातांकडे होतं. पडद्यावर आता मोठा स्टुडिओ, दिवे, तीन परीक्षक, आणि मध्ये ती स्वतः उभी. पडद्यावरची राखी पुस्तकातल्यासारखी शुद्ध बोलत होती आणि मागं कुणीतरी कौतुकानं म्हणालं, पोरीनं भाषा कशी धुऊन काढली. निळ्या कोटातल्या परीक्षकानं मोरपंखी काठाची रजई हातात घेतली. त्यानं ती उलटी केली, काठावरून बोटं फिरवली. अजूनही ते कापू शकत होते. आत्ता एकदम जाहिरात लागू शकत होती.

निळ्या कोटवाल्याची बोटं चौथ्या कोपऱ्यावर थांबली. आत काय टोचतंय, त्यानं विचारलं. धान्य आहे का? धान्याला किडे लागतात, बाहेरच्या देशांतून असला माल जसाच्या तसा परत येतो, हा दोष नाही तर काय आहे? त्याचा आवाज खणखणीत होता आणि इकडे रस्त्यावर पाचशे माणसं चिडीचूप बसली होती, कारण उत्तर त्या सगळ्यांना पाठ होतं. मालेगावात कोणत्या घरी खालाची रजई नव्हती? विमलबाईच्या तर ओठांवरच ते आलं होतं.

पडद्यावरची राखी हसली.

“ती आमच्याकडच्या एका जुन्या कामगार बाईची अंधश्रद्धा आहे, सर. मी ते कधीच बंद केलंय, हा नमुना चुकून आला.”

निळ्या कोटवाल्यानं शाबासकी दिली. धंद्यात भावना आणायच्या नसतात, हे हिला कळलंय, असं तो बाकीच्या दोघांना म्हणाला. स्टुडिओत टाळ्या पडल्या, आणि टीव्हीत टाळ्या पडल्या की इथंही वाजवायच्या या सवयीनं मागच्या रांगेतल्या पोरांनी वाजवल्या. त्या दोनचार वाजल्या आणि मेल्या. कुणी कुणाकडे पाहिना. विमलबाई हळूच म्हणाली, आमच्या रजईत हायेत ना दाने.

राखीला वर पाहवेना. खाला तिच्याकडे वाकली. बोलली ते इतकं हळू की पलीकडे बसलेल्या तुळसाबाईलाही ऐकू गेलं नसेल.

“चुकून आली व्हय थे? म्या तं सगळ्यायत चांगली पाहून तेच देल्ली होती.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. आपलंच काही चुकलं असेल, चुकीची रजई दिली असेल, म्हणून ती विचारत होती. राखीला त्या वेळी जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. तिनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात पडद्यावर कर्णे वाजले, वरून सोनेरी कागद पडायला लागले, निवेदकानं राखीचं नाव घेतलं आणि मालेगाव उठून उभं राहिलं.

मघाचं सगळं त्या आरोळीत वाहून गेलं, निदान लोकांपुरतं तरी. फटाक्यांची लड लागली. राखीचे वडील नानाजी पेढ्यांचा डबा घेऊन दिसेल त्याच्या तोंडात पेढा कोंबत होते. कुणी हार घातला, कुणी फोटोसाठी ओढलं, शहबाज प्रत्येकाला सांगत होता की प्रोजेक्टर त्याचा आहे. त्या धक्काबुक्कीत खाला राखीसमोर आली. तिनं दोन्ही हात राखीच्या डोक्यावरून उतरवले, स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली आणि म्हणाली, नाव काढलं बेटा. नेहमीसारखीच म्हणाली. राखीनं तिचा हात धरला होता, पण गर्दीनं तो सोडवला.

बदरुद्दीननं मात्र पेढा घेतला नाही. त्यानं बांबूंच्या गाठी सोडून खोळ उतरवली आणि घडी करून आत नेली. प्रोजेक्टर चालूच होता. हसणारी राखी दुकानाच्या शटरवर पडत राहिली, आडव्या पट्ट्यांनी कापलेली. शहबाजच्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

रात्रभर मेडशीच्या घरी फोन खणखणत होता. राखीच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी पहिल्या एसटीनं ती मालेगावला आली. कंडक्टरनं अभिनंदन केलं, शेजारच्या सीटवरच्या माणसानं फोटो काढून घेतला. थांब्यावर उतरताच तिला चुकल्यासारखं झालं. यंत्राची घरघर नव्हती. सोमवारी सकाळी बदरुद्दीनचं दुकान गप्प आहे, असं तिनं इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. तो गल्ल्याशी बसला होता. रोज तिला पाहून ये बेटी म्हणणारा माणूस आज नुसता मागच्या दाराकडे बोट दाखवून परत बाहेर बघू लागला.

मागच्या खोलीत गुरुवारी मुंबईला जायच्या चाळीस रजया थप्पी लावून ठेवलेल्या असायला हव्या होत्या. त्या सगळ्या जमिनीवर पसरल्या होत्या. मधोमध खाला बसली होती, चष्मा नाकावर, हातात ब्लेडचं पातं. पहाटेच्या फजरच्या नमाजापासून बसली असावी. एका रजईचा चौथा कोपरा तिनं मांडीवर घेतला, टाका उसवला, दोन बोटं आत घातली आणि दाणे काढून शेजारच्या वाटीत टाकले. सात झाले का हे तिनं नीट मोजलं. मग पुढची रजई ओढली.

“हे काय करून राह्यली तू, खाला?” राखीनं दारातूनच विचारलं.

“बस. चहा ठेवला हाये चुलीवर.” खालानं वर पाहिलं नाही. “तू टीव्हीवर बोलली ना, दाने बंद केले म्हनून. आता गुरुवारी ह्या रजया तिकडं जातीन, गिऱ्हाइकायनं कोपरा दाबून पाह्यला अन् दाने लागले, तं तू खोटी पडशीन. एवढ्या लोकायसमोर बोलली तू.”

राखी दाराशीच बसली. चाळीस दिवस तिनं माफीची वाक्यं जुळवली होती. खाला रागावेल, रडेल, बोलणं टाकेल, या सगळ्यासाठी तिच्याकडे काही ना काही होतं. आपलं खोटं कुणी असं बसून, एकेक टाका उसवून खरं करत असेल, याला तिच्याकडे काहीच नव्हतं. ती रडायला लागली. रडत रडत तिनं सांगितलं की त्या माणसानं कोपरा धरला तेव्हा ती घाबरली, आता सगळं जातं असं वाटलं, आणि तोंडातून ते निघून गेलं. तुझं नाव घ्यायला हवं होतं, माझी खाला आहे, तिनंच मला शिकवलं म्हणायला हवं होतं, ते खरं उत्तर मला येत होतं.

खालानं तिला पुरतं रडू दिलं. मधे एकदा उठून चहा गाळला, कालची पोळी तव्यावर गरम केली आणि ताटली तिच्यापुढं ठेवली.

“खाय. उपाशी आली असशीन.”

राखीनं ताटली बाजूला सारली. ती म्हणाली, दाणे परत टाकू, मी टाकते, आत्ताच टाकते. तिनं वाटीकडे हात नेला. खालानं तिचं मनगट धरलं. पकड मऊ होती, पण सोडवून घ्यावं अशी नव्हती.

“नाई, बेटा. माह्या मायनं टाकले, म्या टाकले, कोनी इचारलं नाई तोवर टाकले. आता जगानं इचारलं अन् तू सांगतलं. माह्या हाताखाली शिकलेल्या पोरीले कोनी खोटी म्हनलेलं मले चालनार नाई. घे, तू कोपरे बंद करत जाय. माहे डोये थकले.”

तिनं मोठी सुई आणि धाग्याचं रीळ तिच्याकडे सरकवलं. राखीनं सुईत धागा ओवला, जसा ती अकरावीत ओवून द्यायची. पहिली रजई मांडीवर घेतली. रिकामा कोपरा हाताला नुसत्या कापसासारखा लागत होता, भुसभुशीत, आत धरायला काही नाही. तिनं टाका घातला. खाला उसवत गेली, ती शिवत गेली. बाहेर बदरुद्दीननं यंत्र सुरू केलं आणि थोड्या वेळानं बंद केलं. वाटीत दाणे वाढत होते, पण एवढ्या रजयांचे मिळून ते मूठभरही होणार नव्हते.

शेवटची रजई झाली तेव्हा ऊन दारात आलं होतं. खालानं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि एकदम काहीतरी आठवल्यासारखी थांबली.

“एक रायली ना, राखी. मुंबईची. मोरपंखी काठाची. थे कोठी हाये?”

राखीनं सांगितलं की ती त्या निळ्या कोटातल्या परीक्षकानं ठेवून घेतली. चित्रीकरण संपल्यावर त्यानं मागून घेतली होती. घरी वापरतो म्हणाला होता.

खालानं ते मनावर घेतलं. मग तर त्याला फोन करून सांगायला हवं, ती म्हणाली, कोपरा उसवून दाणे काढून टाका म्हणून. नंबर आहे का तुझ्याकडे? राखीनं फोन काढला. नंबर होता. ती तो शोधत असताना खालाची नजर तिच्या चेहऱ्यावर होती. रडून सुजलेले, रात्रभर न मिटलेले ते डोळे खाला पाहत राहिली. मग तिनं हात पुढं करून फोन खाली ठेवायला लावला.

“जाऊ दे,” खाला म्हणाली. “त्याले तरी झोप लागू दे.”

ती दाण्यांची वाटी घेऊन मागच्या अंगणात गेली. राखी शिवलेल्या रजयांची थप्पी लावायला लागली, कोपऱ्यावर कोपरा ठेवून, आणि प्रत्येक कोपऱ्यावर तिचा हात आपोआप थांबत होता.